पांढरे दात आणि डाव्या नाकपुडीतलं रक्त: एका डॅशहंडचं प्रकरण

चिंगी, डॅशहंड मादी, वय नऊ वर्षं, नसबंदी झालेली, वजन ८.४ किलो. तिला दाखवायला आणलं ते शिंकांसाठी. सात-आठ महिने ती अधूनमधून शिंकत होती. डाव्या नाकपुडीतून पातळ पाणी यायचं आणि अलीकडे त्या पाण्यात रक्ताची रेघ दिसायला लागली होती. तोवर अ‍ॅलर्जी समजून उपचार झाले होते, अँटिबायोटिकचे कोर्सही झाले होते. गोळ्या चालू असेपर्यंत शिंका कमी व्हायच्या, बंद केल्या की दोन-तीन आठवड्यांत पुन्हा सुरू.

तिला घेऊन आलेल्या काकूंना मी तोंडाला वास येतो का, असं विचारलं. त्या म्हणाल्या, "वास येतो, पण दात अगदी स्वच्छ आहेत हो डॉक्टर. चार महिन्यांपूर्वीच साफ करून घेतलेत. भूलसुद्धा द्यावी लागली नाही."

ओठ वर करून पाहिलं तर काकू म्हणत होत्या ते खरं होतं. नऊ वर्षांच्या छोट्या कुत्र्याचे इतके पांढरे दात सहसा बघायला मिळत नाहीत. हे प्रकरण सविस्तर लिहितोय ते त्या पांढरेपणामुळेच. कुत्र्याच्या दातांचा आजार हिरडीच्या वर फार थोडा दिसतो, जवळजवळ सगळा खाली चाललेला असतो. वरचा भाग घासून चकचकीत केला की आजार तसाच राहतो, फक्त तो ओळखायची खूण पुसली जाते.

जागेपणी जेवढं दिसलं

जागं कुत्रं तोंड पूर्ण उघडू देत नाही. त्यामुळे या तपासणीतून अंदाज बांधता येतो, निदान करता येत नाही. चिंगीच्या दातांच्या ओठाकडच्या बाजू स्वच्छ होत्या. क्षणभर तोंड उघडलं तेव्हा वरच्या दाढांच्या टाळूकडच्या बाजूला तपकिरी कीटण दिसलं. म्हणजे साफसफाई बाहेरून दिसेल तेवढीच झाली होती. खालच्या जबड्यातले पुढचे छोटे दात बोटाने हलत होते. डाव्या वरच्या सुळ्याच्या हिरडीला एक बारीक लाल कड होती, पण एरवी तो सुळा देखणा म्हणावा असाच होता.

नाकपुड्यांसमोर कापसाचे तंतू धरून पाहिले, हवा दोन्हीकडून येत होती. चेहऱ्यावर सूज नव्हती. छातीला स्टेथोस्कोप लावला तेव्हा डाव्या बाजूला मर्मर, म्हणजे हृदयाच्या ठोक्यांमधला जादा आवाज, ऐकू आला, सहापैकी तिसऱ्या श्रेणीचा.

वयस्क कुत्र्याच्या एकाच नाकपुडीतून रक्तमिश्रित स्राव येत असेल तर चार शक्यता आधी मनात येतात: नाकात अडकलेलं कुसळ किंवा तत्सम काही, बुरशीचा संसर्ग, गाठ, आणि वरच्या दाताच्या मुळाचा आजार. अ‍ॅलर्जीचा त्रास सहसा दोन्ही नाकपुड्यांना होतो. यातली गाठीची शक्यता सगळ्यात भीतीदायक, म्हणून बरेच पालक पहिल्याच भेटीत सीटी स्कॅनबद्दल विचारतात. डॅशहंडच्या बाबतीत मात्र मी दातांपासून सुरुवात करतो, कारण या जातीत वरच्या सुळ्याचा एक विशिष्ट आजार वारंवार सापडतो. वरच्या सुळ्याचं मूळ दिसणाऱ्या दातापेक्षा बरंच लांब असतं. ते मागे वळत जाऊन पहिल्या-दुसऱ्या उपदाढेच्या वर संपतं. हे मूळ आणि नाकाची पोकळी यांच्यामध्ये हाडाचा जेमतेम एक पापुद्रा असतो. सुळ्याच्या टाळूकडच्या बाजूला हिरडी सुटून खोल पॉकेट झालं की तो पापुद्रा झिजतो आणि तोंडातून नाकात जायला वाट तयार होते. मग अन्नाचे कण, लाळ, जंतू नाकात जातात आणि कुत्रं शिंकत राहतं. समोरून बघणाऱ्याला यातलं काहीही दिसत नाही.

म्हणून बेत असा ठरला: आधी पूर्ण भूल देऊन दातांची तपासणी, एक्स-रे आणि साफसफाई करायची. त्यात शिंकांचं कारण सापडलं नाही तर नाकाची दुर्बीण आणि सीटी.

भूल न देता केलेल्या सफाईत काय राहून जातं

काकूंना हे समजावून सांगायला वेळ लागला, आणि तो मी मुद्दाम दिला. त्यांनी चिंगीची हेळसांड केली नव्हती. उलट काळजीपोटीच त्यांनी भूल टाळली होती.

खाल्ल्यानंतर काही तासांतच दातावर जंतूंचा मऊ, चिकट थर बसायला लागतो. तो प्लाक. वेळेवर पुसला नाही तर लाळेतल्या क्षारांमुळे दोन-तीन दिवसांत तो कडक होऊ लागतो, तेच कीटण. कुत्र्याची लाळ माणसाच्या लाळेपेक्षा जास्त अल्कधर्मी असते. त्यामुळे कुत्र्यांचे दात सहसा किडत नाहीत, पण कीटण पटकन साचतं. वरच्या चौथ्या उपदाढेजवळ लाळग्रंथीची नळी उघडते, म्हणून तिथे ते सर्वांत जास्त दिसतं. इतकं सगळं असलं तरी दात पाडतं ते हे कीटण नाही. प्लाकमधले जंतू हिरडीच्या कडेखाली उतरतात, शरीर त्यांच्याशी झगडतं, आणि त्या झगड्यात दाताला धरून ठेवणारे तंतू आणि हाड दोन्ही नष्ट होत जातात. हिरडी नुसती सुजलेली असते तोवर सगळं भरून येऊ शकतं. हाड गेलं की ते आपसूक परत येत नाही.

जाग्या कुत्र्याच्या हिरडीखाली धारदार हत्यार घालता येत नाही. दुखतं, कुत्रं हलतं आणि हिरडी फाटते. दातांच्या आतल्या बाजूंना हात पोहोचत नाही. एक्स-रे घेता येत नाही. घशात नळी नसल्यामुळे पाणी आणि कीटणाचे तुकडे श्वासनलिकेत जायची भीती असते. शिवाय हाताने खरवडलेला दात पॉलिश केला नाही तर त्यावर बारीक ओरखडे राहतात आणि पुढचा प्लाक तिथे आणखी लवकर चिकटतो. अमेरिकन अ‍ॅनिमल हॉस्पिटल असोसिएशनची २०१९ची दंतविषयक मार्गदर्शक तत्त्वं आणि वर्ल्ड स्मॉल अ‍ॅनिमल व्हेटरनरी असोसिएशनची २०२०ची जागतिक तत्त्वं, दोन्ही याबाबत स्पष्ट आहेत: दातांची खरी सफाई पूर्ण भूल देऊन, श्वासनलिकेत नळी घालूनच करावी.

चिंगीच्या बाबतीत त्या सफाईने थेट इजा केली असं मी म्हणणार नाही. त्या सफाईमुळे चार महिने वाया गेले, एवढं मात्र नक्की. दात पांढरे दिसत होते, म्हणून शिंकांचा संबंध दातांशी असेल अशी शंकाच कोणाला आली नाही.

"हृदयाचा आवाज आहे म्हणता, आणि वर भूल?"

हा प्रश्न काकूंच्या मुलाने विचारला. रास्त प्रश्न होता.

आधी मर्मरबद्दल. छोट्या जातींच्या उतारवयातल्या कुत्र्यांत मर्मरचं सर्वांत नेहमीचं कारण म्हणजे हृदयाच्या मायट्रल झडपेची झीज. दातांच्या घाणीमुळे हा झडपेचा आजार होतो असं सर्रास सांगितलं जातं. मी ते सांगत नाही, कारण ही झीज झडपेच्या ऊतीतलाच बदल आहे, दातांमुळे ती सुरू होते असं सिद्ध झालेलं नाही. पालकांना घाबरवून दात साफ करायला लावू नयेत. दातांच्या आजाराची स्वतःची कारणं पुरेशी गंभीर आहेत.

मर्मर किती मोठ्याने ऐकू येतो यावरून भूलेचा धोका ठरत नाही. हृदय मोठं झालंय का आणि त्याच्यावर ताण किती आहे, यावरून ठरतो. म्हणून इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, केला. हृदयाचा डावा वरचा कप्पा आणि महाधमनी यांच्या रुंदीचं गुणोत्तर १.३ आलं. १.६ किंवा त्याहून जास्त आलं तर कप्पा मोठा झाला असं धरतात. छातीच्या एक्स-रेतही हृदयाचा आकार मर्यादेत होता. म्हणजे झडप गळते आहे, पण हृदय अजून ते सहज पेलतंय. हा झडपेच्या आजाराचा बी-१ टप्पा, यात औषधही लागत नाही. रक्ताच्या तपासणीत मूत्रपिंड, यकृत, साखर, प्रथिनं, पेशी सगळं ठीक होतं.

"नक्की किती धोका असतो, डॉक्टर? आकड्यात सांगा," मुलगा म्हणाला. आकडा आहे. ब्रिटनमध्ये २००२ ते २००४ या काळात ९८ हजारांहून अधिक कुत्र्यांच्या भुलेची नोंद ठेवली गेली आणि तो अभ्यास २००८ साली प्रसिद्ध झाला. सगळी कुत्री मिळून मृत्यूचं प्रमाण ०.१७ टक्के होतं. निरोगी किंवा सौम्य आजार असलेल्या कुत्र्यांत ते ०.०५ टक्के, म्हणजे दोन हजारांत एक. गंभीर आजारी कुत्र्यांत मात्र १.३३ टक्के. चिंगी यातल्या कुठल्या गटात बसते हे इको केल्याशिवाय सांगता आलं नसतं. इको पाहिल्यावर ती पहिल्या गटात आली. त्याच अभ्यासातली आणखी एक गोष्ट मी नेहमी सांगतो: दगावलेल्या कुत्र्यांपैकी बरीच भूल उतरण्याच्या काळात, विशेषतः पहिल्या तीन तासांत गेली. म्हणजे ऑपरेशन झालं की लक्ष काढून घ्यायचं नसतं.

दुसऱ्या पारड्यात काय होतं तेही बोललो. नाकात उघडलेली वाट आपोआप बुजत नाही. अँटिबायोटिक थांबलं की जंतू परत येतात, कारण त्यांचं घर असलेला दात जागेवरच असतो. आणि हृदय आज जितकं चांगलं आहे तितकं दोन वर्षांनी असेलच असं नाही. भूल द्यायची तर हीच वेळ बरी होती.

काकू थोडा वेळ काहीच बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "करा. पण तिच्याजवळ कुणीतरी सतत हवं." ते असणारच होतं. एक सहकारी पूर्ण वेळ फक्त भुलेवर लक्ष ठेवते. दातांच्या कामात तिला कोणी मदतीला बोलवत नाही.

टेबलावर

झडपेचा विचार करून औषधं निवडली. रक्तवाहिन्या एकदम आवळणारी मेडेटोमिडीनसारखी औषधं टाळली, कारण त्यांनी झडपेतून उलटं जाणारं रक्त वाढतं. ओपिऑइड आणि मिडॅझोलॅम देऊन तिला शांत केलं, मास्कने प्राणवायू दिला, प्रोपोफॉल हळूहळू दिलं, श्वासनलिकेत फुग्याची नळी घातली आणि पुढे आयसोफ्लुरेन हा भुलेचा वायू. सलाइन एरवीपेक्षा कमी वेगाने, किलोमागे तासाला ३ मिलि. ईसीजी, रक्तदाब, प्राणवायू, उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड आणि शरीराचं तापमान या सगळ्यांची नोंद दर पाच मिनिटांनी. खाली गरम हवेची गादी. दातांच्या कामात तोंडावर सतत पाणी पडतं आणि छोटी कुत्री झपाट्याने थंड पडतात. याकडे दुर्लक्ष झालं तर भूल उतरायला उशीर होतो.

घशात ओला गॉज ठेवला आणि त्याची नोंद फळ्यावर लिहिली, म्हणजे शेवटी तो काढायचा राहणार नाही. क्लोरहेक्सिडीन ०.१२ टक्केने तोंड धुतलं. अल्ट्रासॉनिक स्केलरने दातांच्या सगळ्या बाजू साफ केल्या. एका दातावर सलग दहा-पंधरा सेकंदांपेक्षा जास्त थांबायचं नाही, नाहीतर उष्णतेने दाताच्या आतला जिवंत भाग भाजतो. हिरडीखाली बारीक टोकाचं क्युरेट हाताने चालवलं.

मग प्रोब. हे मिलिमीटरच्या खुणा असलेलं, बोथट टोकाचं बारीक हत्यार. प्रत्येक दाताभोवती ते हलकेच फिरवायचं आणि हिरडी कुठे किती खोल सुटली आहे ते मोजायचं. कुत्र्यात ३ मिमीपर्यंतची खोली सामान्य मानतात. पूर्ण वाढलेल्या कुत्र्याला ४२ दात असतात. चिंगीचे ४१ भरले, खालची उजवी पहिली उपदाढ नव्हती. न दिसणारा दात खरंच नाही की हाडात अडकून बसलाय, हे एक्स-रेनेच कळतं. अडकलेल्या दाताभोवती पाण्याची गाठ होऊन जबडा पोखरला जाऊ शकतो. चिंगीचा तो दात मुळातच नव्हता.

डाव्या वरच्या सुळ्याशी आलो. ओठाकडून प्रोब २ मिमीवर थांबला. पुढून २, मागून ३. इथवर सुळा निरोगी. टाळूकडच्या बाजूला प्रोब टेकवला आणि तो काही जोर न लावता आत सरकत गेला. ५, ७, १० मिमी. त्याच वेळी डाव्या नाकपुडीच्या कडेवर रक्ताचा एक थेंब आला. पॉकेटमध्ये बोथट सुईने थोडं सलाइन सोडलं, ते नाकपुडीतून टपटप बाहेर पडलं. इतके महिने चाललेल्या शिंकांचं कारण सापडलं होतं.

त्या सुळ्याचा एक्स-रे मात्र जवळजवळ ठीक दिसत होता. यात आश्चर्य नाही. टाळूकडचं हाड गेलं तरी सपाट चित्रात त्याच्यावर दाताची सावली पडते आणि खड्डा लपतो. ही वाट प्रोबनेच सापडते, एक्स-रेवर विसंबलं तर सुटते. खालच्या डाव्या पहिल्या दाढेत बरोबर उलटं घडलं. तिथे बाहेरून हिरडी गुलाबी, घट्ट. मागच्या कोपऱ्यात प्रोब ६ मिमी गेला, पण खाली नक्की काय चाललंय हे एक्स-रेत दिसलं: मागच्या मुळालगतचं सुमारे ४० टक्के हाड गेलेलं. १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पूर्ण तोंडाचे एक्स-रे काढले तेव्हा, वरवर काहीच दोष न दिसलेल्या दातांमध्येही २७.८ टक्के कुत्र्यांत उपचारांच्या दृष्टीने महत्त्वाचं काहीतरी सापडलं होतं. तेव्हापासून 'संशय आला तर एक्स-रे' ही पद्धत मागे पडली. आता चांगल्या ठिकाणी पूर्ण तोंडाचे एक्स-रे नेहमीचेच.

काय काढायचं, काय वाचवायचं

हाड किती गेलं यावरून आजाराचे टप्पे ठरतात. पाव भागापर्यंत दुसरा, अर्ध्यापर्यंत तिसरा, अर्ध्याहून जास्त चौथा. चौथ्या टप्प्यातले दात सहसा काढावेच लागतात. चिंगीच्या बाबतीत खालचे तीन पुढचे दात आणि वरची उजवी पहिली दाढ चौथ्या टप्प्यात होती. त्यांचा निर्णय सोपा. सुळ्याचाही, कारण नाकात वाट उघडल्यावर तो दात ठेवून ती बुजवता येत नाही.

खरा विचार करावा लागला तो त्या खालच्या दाढेचा. छोट्या कुत्र्यात या दाढेची मुळं जबड्याच्या हाडाची बरीचशी उंची व्यापतात. हाड झिजलेलं असताना ती उपटायला जोर लावला तर जबडाच मोडू शकतो. तशीच सोडली तर आजार पुढे जाऊन एखाद्या दिवशी कडक काही चावताना जबडा आपसूक मोडू शकतो. मी ती ठेवायचं ठरवलं: हिरडी उघडून मूळ डोळ्यांसमोर साफ करायचं आणि हिरडी परत शिवायची. पण असा दात टिकतो तो घरी रोज ब्रश झाला तरच. म्हणून भूल द्यायच्या आधीच काकूंच्या मुलाशी बोलून ठेवलं होतं. एखादा दात काठावर असेल तर ब्रश करणं झेपेल का? तो म्हणाला, "मी करीन. आईच्या बोटांना त्रास होतो, पण मी रोज घरी असतो." त्याच्या या शब्दावर ती दाढ वाचली. जिथे ब्रश होणार नाही हे दिसत असतं, तिथे मी तोच दात तुकडे करून, सांभाळून काढला असता, आणि तो निर्णयही बरोबर ठरला असता.

भुलेची कमाल वेळ अडीच तास ठरवली होती. त्यापुढे काम उरलं तर ते दुसऱ्या खेपेला. म्हणून सगळ्यात महत्त्वाचं काम आधी घेतलं, सुळा.

जबड्याच्या नसांजवळ सुन्न करणाऱ्या बुपिव्हाकेनचं इंजेक्शन दिलं, एकूण डोस किलोमागे २ मिलिग्रॅमच्या आत. ते पूर्ण चढल्यावर हिरडीला पहिला छेद दिला तेव्हा सहकारी म्हणाली, "सर, मीन ५८." सरासरी रक्तदाब ६०च्या खाली जाऊ द्यायचा नाही असं ठरलेलं होतं. हात थांबवले. तिने आयसोफ्लुरेन कमी केलं. सुन्न झालेल्या जबड्याला तेवढं पुरलं, आणि काही मिनिटांत दाब ७२वर आला. नस सुन्न केल्याचा हा मोठा फायदा आहे. दुखणं मेंदूपर्यंत पोहोचतच नसल्याने भूल हलकी ठेवता येते, आणि हृदयाची झडप गळत असलेल्या कुत्र्याला हलकी भूलच हवी असते.

हिरडीला दोन तिरके छेद देऊन ती हाडापासून अलगद सोडवली. सुळ्यावरचं बाहेरचं हाड मुळाच्या अर्ध्या लांबीपर्यंत कोरलं. एलिव्हेटर नावाचं दात सैल करायचं हत्यार दात आणि हाडाच्या फटीत घालून हळूहळू फिरवत, दर वेळी थोडं थांबत तंतू सैल केले. इथे घाई केली तर सुळ्याचं टोक नाकात ढकललं जातं. दात निघाल्यावर खड्ड्याच्या तळाशी नाकाची पोकळी दिसत होती. सडकी ऊती खरवडून काढली, टाळूच्या कडेची कातडी ताजी केली.

आता शिवण. अशी वाट बुजवताना टाके सुटतात ते बहुतेक वेळा एकाच कारणाने: हिरडी ताणून शिवलेली असते. तिच्याखाली आधाराला हाड नसतं आणि प्रत्येक श्वासागणिक, प्रत्येक शिंकेला खालून हवेचा दाब येतो. म्हणून हिरडीच्या आतल्या बाजूचा न ताणणारा पडदा काळजीपूर्वक कापला. तो सुटल्याबरोबर हिरडी लांबली आणि कुठेही न ओढता टाळूपर्यंत येऊन बसली. हात काढल्यावरही ती जागेवर राहिली तेव्हा बारीक, विरघळणाऱ्या धाग्याने शिवली. या एका पायरीवर वेळ गेला तरी मला त्याचं काही वाटत नाही.

वरची दाढ तीन मुळांची, तिचे तीन भाग करून प्रत्येक मूळ वेगळं काढलं. पुढचे तीन दात सहज आले. खालच्या दाढेचं मूळ उघडून साफ केलं. उजव्या सुळ्याच्या टाळूकडे ४ मिमी पॉकेट होतं, ते न उघडता आतून स्वच्छ केलं. दात काढलेल्या प्रत्येक जागेचा एक्स-रे घेऊन मुळाचा तुकडा राहिला नाही याची खात्री केली. शेवटी उरलेल्या दातांना बारीक पेस्टने पॉलिश, कारण अल्ट्रासॉनिक स्केलरनेही पृष्ठभाग थोडा खडबडीत होतोच. घशातला गॉज काढला, फळ्यावरची नोंद पुसली. भुलेचा एकूण वेळ २ तास १० मिनिटं, शेवटचं तापमान ३७.१ अंश सेल्सिअस. नळी काढल्यानंतरचे तीन तास सहकारी तिच्या शेजारीच होती.

नंतर

घरी पाठवताना मेलॉक्सिकॅम हे वेदनाशामक दिलं. मूत्रपिंड ठीक होतं आणि रक्तदाब सावरलेला होता, म्हणून ते देता आलं. अँटिबायोटिक दिलं नाही. काकूंना याचं नवल वाटलं, कारण आधी दर वेळी तेच दिलं गेलं होतं. जंतूंचा अड्डा असलेला दातच निघाला होता आणि जागा स्वच्छ करून शिवली होती. धडधाकट कुत्र्यात त्यानंतर अँटिबायोटिकची गरज सहसा उरत नाही. दोन आठवडे मऊ खाणं, ओढाओढीचे खेळ बंद, तोंडावर पंजा मारू लागली तर गळ्यात कॉलर.

तिसऱ्या दिवशी मुलाचा फोन आला, रक्ताळलेली एक शिंक आली म्हणून. नाकात साचलेलं रक्त काही दिवस असं निघतं, तसं सांगितलं. त्यानंतर शिंक नाही. चौदाव्या दिवशी ओठ उचलून पाहिलं तर शिवण पूर्ण धरली होती. काकू म्हणाल्या, जेवताना ती आता मान तिरकी करत नाही. तपासणीच्या वेळी त्यांनी हे सांगितलं नव्हतं, कारण ती तिची सवयच आहे असं त्यांना वाटत होतं. कुत्री दात दुखतो म्हणून खाणं सोडत नाहीत. ती एका बाजूने चावतात किंवा न चावता गिळतात, आणि हे इतकं हळूहळू होतं की घरच्यांच्या लक्षात येत नाही.

हिरड्या भरल्यावर ब्रश सुरू झाला. आधी नुसतं ओलं बोट ओठाखाली, मग बोटाला कुत्र्यांची टूथपेस्ट, मग लहान मऊ ब्रश. माणसांची पेस्ट वापरायची नाही. तिच्यात फ्लोराइड असतं, काहींत झायलिटॉल असतं, आणि कुत्रं थुंकत नाही, गिळतं. झायलिटॉल कुत्र्यांना विषासमान आहे. ब्रश हिरडीच्या कडेला ४५ अंशांत धरून दातांच्या बाहेरच्या बाजू घासायच्या. आतली बाजू जमली तर जमली, जिभेने ती थोडीफार साफ होते. महत्त्वाचं एवढंच की रोज व्हायला हवं, कारण दोन-तीन दिवसांचा खंड पडला की प्लाक कडक झालेला असतो आणि ब्रशने निघत नाही. सोबत चघळायला द्यायचं ते व्हेटरनरी ओरल हेल्थ कौन्सिलची मान्यता असलेलं. हाडं, शिंगं, कडक नायलॉनची खेळणी पूर्ण बंद. नखाने दाबून ज्यावर खूण उमटत नाही, त्यावर दात तुटू शकतो.

सहा महिन्यांनी पुन्हा इको आणि रक्ततपासणी केली, टप्पा बी-१च होता. पुन्हा भूल दिली, या वेळी पाऊण तासाची. सुळ्याच्या जागी घट्ट, सलग हिरडी. उजव्या सुळ्याचं पॉकेट ३ मिमीवर आलेलं. ज्या दाढेसाठी सगळा विचार केला होता तिचं पॉकेट ६वरून ३ मिमीवर आणि एक्स-रेत हाडाची पातळी जिथे होती तिथेच. साफ करण्यासारखं कीटण फक्त वरच्या मागच्या दाढांवर होतं, जिथे ब्रश नीट पोहोचत नाही. मुलाला तिथे ब्रश कसा वळवायचा ते पुन्हा दाखवलं.

पुढचा बेत असा: दर सहा महिन्यांनी जागेपणी तपासणी, वर्षातून एकदा इको, आणि इको चांगला असेल तर भूल देऊन सफाई व एक्स-रे. खालच्या दाढेचं पॉकेट पुन्हा ५ मिमीच्या पुढे गेलं तर ती काढायची. जबडा न मोडता ती कशी काढायची याची आखणी दोन्ही एक्स-रेंसह चिंगीच्या फायलीत लिहून ठेवली आहे.